नवख्यांना घेऊन कळसूबाई: एका दिवसाच्या चढाईचे नियोजन

कळसूबाई शिखराची उंची 1646 मीटर, म्हणजे साधारण 5400 फूट आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच जागा म्हणून, ज्यांनी आजवर एकही डोंगर चढलेला नाही अशांचीही पहिली मागणी बहुधा याच शिखराची असते. कार्यालयातील सहकारी, सोसायटीतील शेजारी किंवा महाविद्यालयातील मित्र जमतात, तारीख ठरते आणि जो आधी दोन-चारदा जाऊन आलेला असतो त्याच्या गळ्यात नेतृत्वाची माळ पडते. हे टिपण त्या माणसासाठी आहे. अकोले तालुक्यातील बारी गावातून वर जाणारी वाट पूर्ण मळलेली आहे, कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, सुटीच्या दिवशी वाटेत ताक आणि लिंबूसरबत विकणारे गावकरीही भेटतात. त्यामुळे वाट शोधणे किंवा प्रस्तरारोहण हा येथला प्रश्न नाही. प्रश्न असतो तो वीस वेगवेगळ्या दमाच्या माणसांना एकत्र वर नेऊन एकत्र खाली आणण्याचा. माझ्या अनुभवात तो एकाच गोष्टीवर सुटतो किंवा बिघडतो: सगळ्या दिवसाचे वेळापत्रक सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पायांवरून आखले आहे की नाही.

आधी हिशेब मांडावा. बारीपासून माथ्यापर्यंतची वाट सुमारे साडेसहा किलोमीटर आहे आणि उंचीतला फरक जवळपास 900 मीटर भरतो. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली तर हे 300 मजले झाले. गटासमोर हा आकडा मीटरमध्ये न सांगता मजल्यांमध्ये सांगावा, कारण तो ऐकल्यावर तयारीची गरज कोणाला वेगळी पटवून द्यावी लागत नाही. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा असा आहे की दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास धरावा. त्या मापाने येथे पावणेतीन तासांच्या आसपास वेळ येतो. मात्र तो सरावलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा वेळ आहे. नवख्यांच्या गटाला विश्रांती, शिड्यांपाशी लागणारी रांग आणि दम खाणे धरून चार तास वर जायला आणि तीन तास उतरायला द्यावेत. माथ्यावर एक तास धरला तर आठ तास होतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर लवकरच अंधार पडतो. वाटेत उशीर झाला तरी त्याआधी उतरता यावे म्हणून सकाळी सहाला, अगदी उशिरा साडेसहाला, पहिले पाऊल पडलेच पाहिजे. बारीत पोहोचण्याची, नाश्त्याची आणि शौचाला जाण्याची वेळ याच्या आधी धरायची असते आणि आयोजक नेमके हेच विसरतात. मुंबई-नाशिककडची मंडळी घोटीमार्गे येतात, पुण्याची संगमनेर-अकोले-राजूरमार्गे. पुण्याहून मध्यरात्री निघून न झोपता चढाईला लागण्यापेक्षा आदल्या रात्री बारीत किंवा भंडारदऱ्यात मुक्काम करावा, असे माझे ठाम मत आहे.

रात्रीच्या अंधारात चढून माथ्यावर सूर्योदय पाहण्याची पद्धत कळसूबाईवर बरीच रूढ झाली आहे. नवख्यांना घेऊन ती पाळू नये. झोप झालेली नसते, विजेरीच्या उजेडात मागच्याचा चेहरा दिसत नाही आणि थकव्याची पहिली लक्षणे चेहऱ्यावरच दिसतात.

ऋतूचेही असेच आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा असतो. नवरात्रात शिखरावरच्या देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी होते, तेव्हा शिड्यांवर ताटकळावे लागते. मार्च ते मे या काळात उघड्या सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवर, सावली जवळजवळ नसते. जुलै-ऑगस्टमधील धुके आणि हिरवाई कितीही खुणावत असली तरी ओले लोखंड आणि शेवाळलेला कातळ यांवर पहिला धडा देऊ नये. हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाचे शुल्क आणि त्या वेळी लागू असलेले निर्बंध यांची चौकशी आधी करावी. मे महिन्याचा शेवट आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध या काळात दुपारी वळवाचे किंवा परतीच्या पावसाचे ढग विजांसह येतात. उघडा माथा आणि लोखंडी शिडी या दोन्ही जागा तेव्हा अत्यंत धोक्याच्या असतात, म्हणून गडगडाट कानी पडताच उतरायला लागावे.

माणसे आणि तयारी

गट वीसच्या वर नेऊ नये आणि दर पाच-सहा नवख्यांमागे एक सरावलेला माणूस असावा. नावे घेतानाच प्रत्येकाशी स्वतंत्रपणे, एकांतात बोलावे. दमा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्याची जुनी दुखापत, उंचीची भीती आणि रोजची औषधे ही माहिती सगळ्यांच्या सामायिक व्हॉट्सॲप गटात मागितली तर खरी मिळत नाही. फोनवर पाच मिनिटे आपुलकीने विचारले की मिळते. दम्याचा पंप किंवा साखरेच्या गोळ्या कोणत्या कप्प्यात आहेत, हे त्या व्यक्तीबरोबर चालणाऱ्या सहायकालाही माहीत असावे. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या होकाराशिवाय येऊ नये, हे स्पष्ट सांगण्यात संकोच करू नये.

स्त्री सहभागींबाबत एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वाटेत शौचालयाची सोय मिळेल की नाही या काळजीने अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि अकराच्या उन्हात त्यांनाच भोवळ येते. त्यामुळे सहायकांमध्ये किमान एक स्त्री असावी, बारीत निघण्यापूर्वी कोणाच्या घरी सोय आहे हे आधीच ठरवून ठेवावे आणि वाटेत कुठे आडोसा आहे, तिथे सगळे पुढे निघून गेल्यावर दोघी-तिघी निवांत थांबू शकतील, हे त्या सहायिकेने सर्व जणींना पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकावे.

सरावासाठी निदान तीन आठवडे द्यावेत. एक दिवसाआड जिने चढण्याचा सराव करावा, पहिल्या आठवड्यात सलग दहा मजले, तिसऱ्या आठवड्यात तीस, आणि पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक असावी. वर गेल्यावर लिफ्टने खाली न येता जिन्यानेच उतरावे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो आणि नवख्यांचे पाय लटपटतात ते या न सरावलेल्या कामामुळे. नवे बूट घेतले असतील तर ते याच तीन आठवड्यांत पायाला सरावून घ्यावेत. बूट महागच हवेत असे नाही. तळाला खोल खाचा असलेले, बोटांपुढे अर्धा अंगठा जागा राहील असे आणि टाचेला घट्ट बसणारे साधे भारतीय बनावटीचे ट्रेकिंगचे बूट पुरेसे होतात. गुळगुळीत तळाचे धावण्याचे बूट मात्र मुरमाड घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खडी-मातीच्या उतारावर, हमखास घसरतात. आदल्या दिवशी पायांची नखे कापायला सर्वांना सांगावे, कारण उतारावर लांब नख बुटाच्या टोकावर आपटून काळे पडते.

सामानाची यादी लहान ठेवावी. प्रत्येकी तीन लिटर पाणी, दोन्ही खांद्यांवर अडकवायची सॅक, टोपी, अंगभर सुती किंवा लवकर वाळणारे कपडे, एक पातळ जर्किन, विजेरी, शिट्टी आणि स्वतःची औषधे एवढे पुरते. खांद्याला एका बाजूने लटकणारी पिशवी शिडीवर झोका घेते, म्हणून ती गाडीतच ठेवायला लावावी. माथा पायथ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड असतो आणि घामेजल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते, तेव्हा जर्किनची गरज पटते. खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, खजूर, तिखटमिठाच्या पुऱ्या असे काही असावे. तासाला दोन घास खाणे हे माथ्यावर जाऊन पोटभर जेवण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. जलसंजीवनीच्या पुड्या गटासाठी भरपूर घ्याव्यात आणि एक पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात पूर्ण विरघळवावी, निम्म्या बाटलीत नव्हे. प्रथमोपचार पेटीत क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, कापूस, त्रिकोणी पट्टी आणि कात्री इतके असलेच पाहिजे.

सर्वांची नावे आणि घरच्यांचे क्रमांक यांची यादी कागदावर लिहून एक प्रत स्वतःकडे, एक गाडीच्या चालकाकडे ठेवावी. सायंकाळी अमुक वाजेपर्यंत आपण उतरलो नाही तर कोणाला कळवायचे, हेही चालकाला सांगून ठेवावे. 112 आणि 108 हे क्रमांक सर्वांना ठाऊक असतात, पण महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर या बचावपथकांच्या समन्वय केंद्राचा मदतक्रमांकही निघण्यापूर्वी फोनमध्ये नोंदवून घ्यावा.

चढाई

बारी गावात सर्वांना गोलाकार उभे करून मोजणी करावी आणि प्रत्येकाला एक क्रमांक द्यावा. पुढे दर थांब्यावर एकापासून शेवटपर्यंत क्रमांक म्हणायचे, एवढे केले की मोजणीत चूक राहत नाही. त्याच वेळी तीन नियम सांगावेत: सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या पुढे कोणी जायचे नाही, सर्वांत मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही आणि लघवीसाठीही वाट सोडताना शेजाऱ्याला सांगायचे. मागचा माणूस हा गटातला सर्वांत अनुभवी आणि सर्वांत शांत स्वभावाचा असावा. पुष्कळ आयोजक सर्वांत अनुभवी माणूस पुढे ठेवतात. मळलेल्या वाटेवर त्याची गरज पुढे नसून मागे असते, कारण जे काही बिघडते ते मागे बिघडते.

सर्वांत हळू चालणाऱ्या दोघा-तिघांना पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवावे. रांगेच्या शेवटी चालणाऱ्याला पुढच्यांच्या प्रत्येक अडखळण्याचा फटका बसतो, त्याला कधी थांबावे लागते तर कधी अंतर भरून काढायला धावल्यासारखे चालावे लागते, आणि या आचक्यांनी तो लवकर दमतो. तोच माणूस पुढे आला की त्याची चाल सलग होते आणि आपल्यामुळे सगळे खोळंबले आहेत ही भावनाही जाते. त्याला पुढे बोलावताना सगळ्यांदेखत "तू हळू आहेस" असे न म्हणता "माझ्याबरोबर चल" एवढेच म्हणावे.

पहिला अर्धा तास अतिशय सावकाश चालावे. ओढा ओलांडून शेतांमधून वाट चढाला लागते, तेव्हा सकाळच्या गारव्यात सगळ्यांच्याच अंगात जोर असतो आणि तरुण मुले झपाझप पुढे जाऊ पाहतात. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग योग्य समजावा. पाऊल छोटे टाकावे, संपूर्ण तळवा टेकवावा आणि उंच ढांग टाकण्याऐवजी मधला छोटा दगड शोधून दोन पावले करावीत.

विश्रांतीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण नवख्यांचे सर्वाधिक हाल येथेच होतात. पुढचे लोक थांबतात, सावलीत बसतात, पाणी पितात, छायाचित्रे काढतात. दहा मिनिटांनी मागचे दोघे धापा टाकत पोहोचतात आणि त्यांना पाहताच पुढचे म्हणतात, "चला, आले सगळे, निघू या." म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना दहा मिनिटे मिळाली आणि ज्यांना होती त्यांना एकही मिळाले नाही. असे चार थांब्यांवर घडले की तो माणूस पाचव्या थांब्याला बसतो आणि उठत नाही, मग सगळे म्हणतात की त्याचा स्टॅमिना कमी होता. यावर उपाय साधा आहे. घड्याळ शेवटचा माणूस पोहोचल्यावर लावावे, त्याने पाणी प्यायले, दोन घास खाल्ले, श्वास जागेवर आला, मग पाच मिनिटे मोजून क्रमांक म्हणावेत आणि निघावे. पाऊण तासाला एक असा थांबा पुरतो.

परतीची वेळ बारीतच जाहीर करावी. आमचा नियम असा असतो की साडेअकरापर्यंत शेवटचा माणूस शेवटच्या शिडीपाशी आला नाही तर तो जिथे असेल तिथून मागे फिरायचे. माथा डोळ्यांसमोर दिसत असताना हा निर्णय जड जातो, म्हणूनच तो पायथ्याशी, सगळे ताजेतवाने असताना, सर्वांच्या संमतीने घ्यायचा असतो. एखाद्याला मध्येच परतायचे असेल तर त्याच्याबरोबर सहायक पाठवावा. कोणालाही एकटे बसवून पुढे जाऊ नये. सुरुवातीच्या वर्षांत ही चूक माझ्याकडून झाली आहे. दमलेल्या एका सहकारी स्त्रीला मी झाडाखाली बसवले आणि "उतरताना घेतो" असे सांगून बाकीच्यांना घेऊन वर गेलो. तीन तासांनी परतलो तर त्या जागी कोणी नव्हते आणि फोनला रेंज नव्हती. एकटीने कंटाळून तिने उतरायला सुरुवात केली होती आणि एका ढोरवाटेने ती भलतीकडे गेली होती. दीड तास हाका मारत फिरल्यावर ती गावातल्या एका घराच्या ओसरीवर, हातात चहाचा कप घेऊन बसलेली सापडली. तो दीड तास मी अजून विसरलेलो नाही.

शिड्या

वाटेवरच्या कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे बसवलेले आहेत. शेवटची शिडी चढली की थेट माथा येतो. शिड्या भक्कम आहेत, पण दोन्ही बाजूंची मोकळी हवा पाहून अनेकांचे पाय थिजतात. शिडीखाली पोहोचल्यावर प्रथम फोन सॅकमध्ये ठेवायला लावावेत, सॅकचे पट्टे घट्ट करावेत, मोकळी ओढणी खोचून घ्यावी. एक सहायक आधी वर जाऊन उभा राहील, दुसरा खाली थांबेल. दोन माणसांमध्ये पाच-सहा पायऱ्यांचे अंतर हवे. दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे तीन पक्के टेकलेले असावेत.

कोणी मध्येच थांबला तर खालून सगळ्यांनी ओरडून धीर देऊ नये, त्याने तो अधिक बावरतो. एकानेच, त्याच्या लगेच खाली उभे राहून, हळू आवाजात बोलावे. अशा माणसाची बोटे पाहावीत: लोखंडाभोवती ती इतकी आवळलेली असतात की पेरे पांढरी पडतात, कोपर ताठ असते आणि श्वास छातीतच अडकलेला असतो. "खाली पाहू नकोस" या सल्ल्याचा उपयोग नसतो, कारण पाय ठेवायला त्याला खाली पाहावेच लागते. त्याऐवजी आधी एक लांब श्वास सोडायला सांगावे, मग "उजवा हात सैल कर, वरची दांडी पकड" आणि ते झाले की "आता डावा पाय", अशी एका वेळी एकच सूचना द्यावी. बहुतेक जण चौथ्या-पाचव्या सूचनेनंतर आपणहून चढू लागतात. ज्याला खरोखरच नको असेल त्याला शांतपणे उतरवून घ्यावे आणि सहायकासह तिथेच थांबवावे. उतरताना तोंड शिडीकडे ठेवायचे, हे पुन्हा सांगावे लागते. पायाखालून दगड सुटला तर लगेच मोठ्याने "दगड!" अशी आरोळी ठोकायची सवय सर्वांना लावावी.

माथ्यावर कळसूबाईचे छोटे मंदिर आहे. मंदिरात एका वेळी दोन-तीन माणसेच मावतात, तेव्हा रांगेने दर्शन घ्यावे आणि भाविकांना आधी जाऊ द्यावे. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी आणि रतनगड दिसतो, पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग ओळीने उभे असतात. गटाला ही नावे बोटाने दाखवून सांगावीत, म्हणजे पुढच्या डोंगराची ओढ येथूनच लागते. कड्याच्या काठावर छायाचित्रांसाठी कोणी जाऊ नये यासाठी एक सहायक फक्त त्याच कामाला लावावा. अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी मधमाश्या उठू शकतात, म्हणून काही पेटवू नये.

उतार

माथ्यावरून निघण्यापूर्वी सर्वांना बुटांचे बंद सोडून पुन्हा बांधायला लावावेत. टाच मागे आपटून घ्यायची, बंद घोट्यापाशी आवळून पक्की गाठ मारायची, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. उरलेले पाणी पाहावे, ज्याच्याकडे अर्ध्या लिटरपेक्षा कमी आहे त्याला इतरांकडून द्यावे. गुडघे किंचित वाकवून, छोटी पावले टाकत, घसाऱ्यावर किंचित तिरके होऊन उतरावे. पळत उतरणाऱ्यांना सक्तीने थांबवावे. माझ्या गटांमधील बहुतेक सगळी मुरगळणी दुपारी दोननंतर, शिड्या संपून वाट सोपी झाल्यावर, गप्पांच्या ओघात झाली आहेत. म्हणून तेथून विश्रांती कमी न करता उलट वाढवावी.

पाय मुरगळलाच आणि त्या पायावर थोडा भार देता येत असेल तर बूट न काढता बंद सैल करून वरूनच क्रेप बँडेज बांधावे, काठी द्यावी, सॅक दुसऱ्याने घ्यावी आणि सावकाश उतरावे. भारच देता येत नसेल तर चालवू नये, मदत मागवावी. उन्हाने डोके दुखणे, मळमळ, भोवळ असे झाले तर सावलीत आडवे करून पाय उंच ठेवावेत, मानेला व काखेत ओले फडके लावावे आणि जलसंजीवनी घोट घोट पाजावी. तो माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजावा: तोंडातून काही न देता अंग ओले करून वारा घालत राहावा आणि तत्काळ 108 ला कळवावे.

बारीत पहिले पोहोचलेले लोक गाडीत जाऊन बसतात आणि मागून येणाऱ्यांना रिकामा रस्ता दिसतो. तसे होऊ देऊ नये. सर्वांनी गावाच्या कडेला थांबावे आणि शेवटच्या माणसासह क्रमांक म्हणावेत. मग हातपाय धुऊन, आधी सांगून ठेवलेल्या घरी पिठले-भाकरी जेवावी, प्रत्येकाने घरी फोन करावा आणि वरून आणलेला कचरा गाडीत घालून आपल्या शहरात न्यावा. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दुखतात, हे निघतानाच सांगून ठेवावे, नाहीतर मंगळवारी सकाळी जिना उतरताना लोक घाबरून फोन करतात.